जेद्दा विमानतळ आणि हज-उमरा प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हजला किंवा उमऱ्याला (मक्केच्या, एरवीही करता येणाऱ्या छोट्या यात्रेला) निघालेल्या बहुतेकांचा सौदी अरेबियातला पहिला किंवा शेवटचा मुक्काम म्हणजे जेद्दाचा किंग अब्दुलअजीज आंतरराष्ट्रीय विमानतळ. इथे अडचण विमानात येत नाही. ती येते रांगेत, बसच्या प्रतीक्षेत आणि हातातली बॅग दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यावर. खालची बहुतेक उत्तरे म्हणूनच एका गोष्टीपाशी येतात: कोणती वस्तू अंगावर, कोणती हातातल्या बॅगेत आणि कोणती मोठ्या बॅगेत. महाराष्ट्रातून मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून जाणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहिले आहे.

जेद्दा विमानतळ म्हणजे एकच इमारत आहे का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. शहराच्या उत्तरेला सुमारे १९ किलोमीटरवर, १०५ चौरस किलोमीटर जागेत हा विमानतळ पसरला आहे. तीन समांतर धावपट्ट्या आहेत. १९८१ पासून तो वापरात आहे. प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचे टर्मिनल तीन: नवे टर्मिनल १, उत्तर टर्मिनल आणि हज टर्मिनल. ही एकमेकांपासून काही किलोमीटर दूर आहेत. सामान ओढत एकातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही, बस किंवा टॅक्सीच लागते.

परतीच्या दिवशी टॅक्सीवाल्याला नुसते ‘एअरपोर्ट’ सांगून बसलेले लोक भलत्याच टर्मिनलवर उतरतात आणि तास-दीड तास हातचा जातो. तिकिटावर टर्मिनल छापलेले असते. विमान कंपन्यांची टर्मिनल अधूनमधून बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी जाऊन आलेल्या नातेवाइकाच्या सांगण्यावर न जाता निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ॲपवर पाहा.

तिकीट काढतानाही एक लक्षात ठेवा: जेद्दाचा कोड जेईडी, मदिनेचा एमईडी. घाईत हे दोन कोड उलटसुलट होतात आणि मग एहरामपासून (यात्रेसाठीचा पवित्र वेश, पुरुषांसाठी दोन चादरी, आणि त्यासोबतचे निर्बंध) हॉटेलपर्यंत सगळाच क्रम बदलतो.

आम्ही हज कमिटीतर्फे (सरकारी संस्थेमार्फत) चाललो आहोत. जेद्दाला उतरणार की मदिनेला?

ते तुमच्या फ्लाइटच्या टप्प्यावर ठरते. पहिल्या टप्प्यातली विमाने मदिनेला उतरतात. हे हाजी आधी मदिनेत राहतात, मग बसने मक्केला येतात आणि हजनंतर जेद्दाहून परततात. दुसऱ्या टप्प्यातले लोक थेट जेद्दाला उतरतात, तिथून मक्केला जातात आणि परत येताना मदिनेहून विमानात बसतात. म्हणजे साधारणपणे प्रत्येकाला जेद्दा विमानतळ एकदाच लागतो, जाताना किंवा येताना.

दोन्हींची तयारी वेगळी असते. मदिनेला उतरणाऱ्याने विमानात एहराम बांधायचा नसतो. तो मदिनेहून मक्केला निघताना जुल हुलैफा इथे, म्हणजे ज्याला आज लोक अबयार अली म्हणतात तिथे बांधायचा. जेद्दाला उतरणाऱ्याचा एहराम मात्र विमान उतरण्याआधी झालेला असला पाहिजे.

एहराम नेमका कुठे बांधायचा? जेद्दाला उतरून बांधला तर चालेल का?

आपल्याकडून विमानाने थेट जेद्दाला जाणाऱ्याने जेद्दा गाठेपर्यंत थांबू नये. मीकातची हद्द, म्हणजे जिच्यापुढे एहरामविना मक्केकडे जायचे नसते ती, विमान आकाशातच ओलांडते. घरातली जुनी माणसे ‘यलमलम’चे नाव घेतात. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी बोटीने जात आणि समुद्रमार्गे येणाऱ्यांना यलमलमची मीकात लागे. आता विमान सहसा ताइफच्या बाजूने, म्हणजे कर्न अल-मनाजिलच्या आसपासून येते. ही जागा मक्केच्या पूर्वेला साधारण ७५ ते ८० किलोमीटरवर आहे.

प्रत्यक्षात असे करा. पुरुषांनी घरी, हज हाउसमध्ये किंवा निघण्याच्या विमानतळावर आंघोळ-वजू करून दोन्ही चादरी नेसून घ्याव्यात. नुसत्या चादरी नेसल्या म्हणून एहरामचे निर्बंध सुरू होत नाहीत, ते नीयत (मनातला संकल्प) आणि तलबियाने (‘लब्बैक’ ही प्रार्थना) सुरू होतात. मीकात येण्याआधी साधारण अर्धा तास विमानात घोषणा होते. ती ऐकताच नीयत करून लब्बैक सुरू करा. विमान ती हद्द मिनिटभरात ओलांडते, म्हणून अगदी त्याच क्षणाची वाट पाहू नका, थोडे आधीच करा. झोप लागण्याची शक्यता असेल तर शेजारच्याला उठवायला सांगून ठेवा किंवा आधीच नीयत करून मोकळे व्हा.

विमानाच्या संडासात चादर बदलण्याचा बेत करू नका. जागा अगदी अपुरी, जमीन ओली आणि बाहेर वीस-पंचवीस माणसांची रांग, कारण सगळ्यांना ती आठवण एकाच वेळी होते.

मीकात एहरामविना ओलांडली गेली तर मीकातवर परत जाऊन एहराम बांधणे किंवा दम (चुकीची भरपाई म्हणून जनावराची कुर्बानी) देणे, असा प्रश्न येतो. तुमच्या परिस्थितीत काय लागू होते हे तुमच्या मौलानांना विचारा. काही आलिम जेद्दाहून एहरामची सवलत सांगतात, बहुतेक सांगत नाहीत. वाद टाळायचा असेल तर आधीच बांधणे हाच सरळ मार्ग.

एहरामची चादर मोठ्या बॅगेत ठेवली तर?

मग ती विमानाच्या पोटात जाते आणि जेद्दाला उतरेपर्यंत हाती लागत नाही. ही चूक दरवर्षी होते. एहराम, कमरेचा पट्टा आणि पायाचा वरचा भाग उघडा राहील अशी हवाई चप्पल हातातल्या बॅगेत किंवा अंगावरच हवी. शक्य असेल तर चादरींची एक जादा जोडी हाताशी ठेवा, कारण विमानातल्या जेवणाचा रस्सा सांडतो आणि पुढचे दहा-बारा तास तीच चादर अंगावर राहते.

आणखी एक बारीक गोष्ट: विमानात जेवणाआधी दिला जाणारा ओला रुमाल बहुधा सुगंधी असतो. नीयत झालेली असेल तर तो वापरू नका. सुगंधी साबण आणि वास येणारे हँड सॅनिटायझर यांनाही हेच लागू. बिनवासाचा साबण घरूनच घ्या.

बायकांसाठी काय वेगळे?

नेहमीचे सैल, अंग झाकणारे कपडे हाच एहराम. चेहऱ्याला नकाब लावायचा नाही. पाळी सुरू असली तरी नीयत करता येते, तलबिया म्हणता येते. फक्त तवाफ (काबेभोवतीच्या फेऱ्या) पाक होईपर्यंत थांबवायचा. त्यामुळे पाळी आली म्हणून मीकात बिनएहराम ओलांडू नका.

घरून निघाल्यापासून मक्केच्या खोलीपर्यंत किती वेळ धरायचा?

मुंबई ते जेद्दा उड्डाण पाच ते साडेपाच तासांचे. पण हा सगळ्यात लहान तुकडा समजा. विमानतळावर चार ते सहा तास आधी हजर व्हायचे. उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्सला गर्दीनुसार एक ते चार तास. मग बस भरेपर्यंत थांबणे. विमानतळ ते मक्का अंतर सुमारे शंभर किलोमीटर, पण वाटेत शुमैसीची तपासणी चौकी आणि हाजींच्या स्वागत केंद्रावरची मोजणी असते, त्यामुळे दीड तासाचा रस्ता तीन तास घेऊ शकतो. नागपूरकडच्या गावातून आदल्या रात्री निघालेल्या माणसाचे सहज चोवीस तास होतात.

म्हणून मधुमेह, रक्तदाब, दमा यांची औषधे किमान दोन दिवसांची हातातल्या बॅगेत हवीतच. इन्सुलिन मोठ्या बॅगेत ठेवू नका: विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते आणि नंतर बसच्या डिकीत तापते, दोन्हींत ते खराब होते. सोबत बिस्किटे, खजूर, भाजलेले चणे असे न सांडणारे खाणे असू द्या. साखर खाली जाते ती नेमकी बसच्या प्रतीक्षेत.

घड्याळ अडीच तास मागे करा. औषधाच्या वेळा मात्र पहिल्या दिवशी भारतीय वेळेनेच पाळा आणि नंतर हळूहळू सरकवा.

हज टर्मिनलवर उतरल्यानंतर काय क्रमाने होते?

विमानातून वातानुकूलित आगमन कक्षात नेतात. तिथे इमिग्रेशनच्या रांगा लागतात. काउंटरवर पासपोर्ट वाचला जातो, फोटो घेतला जातो, बोटांचे ठसे घेतले जातात. काही देशांच्या हाजींचे हे सोपस्कार ‘मक्का रूट’ योजनेखाली त्यांच्या मायदेशातच उरकतात. २०२५ पर्यंत भारत त्या योजनेत नव्हता, त्यामुळे आपली रांग जेद्दाला लागते.

ठशांपाशी वयस्कर माणसे अडकतात. शेती, विटभट्टी, धुणीभांडी अशी कामे केलेल्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि विमानातल्या कोरड्या हवेने त्वचा आणखी सुकते. यंत्र लाल दिवा दाखवते आणि माणूस घाबरून बोट जोरात दाबतो, त्याने ठसा आणखी बिघडतो. रांगेत असतानाच ओल्या कापडाने बोटे पुसून घ्या, मग कोरडी करा, काचेवर बोट सपाट ठेवा आणि बेताने दाबा. निघण्याआधीचे आठ-दहा दिवस रात्री बोटांना साधे व्हॅसलीन लावले तर फरक पडतो. बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका.

त्यानंतर सामानाचा पट्टा, मग कस्टम्सचे स्कॅनिंग आणि तिथून बाहेर तंबूंच्या छताखालच्या मोकळ्या चौकात. इथे देशानुसार जागा ठरलेल्या असतात. भारतीय हज मिशनचे कर्मचारी आणि दवाखाना इथे असतो. तुमच्या सेवा कंपनीचे (सौदीत हाजींची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीचे) लोक यादी पाहून बसला नंबर देतात. मोठ्या बॅगा बहुतेक वेळा वेगळ्या गाडीत चढतात आणि तुमच्या इमारतीशी पोहोचतात, कधी तुमच्या आधी, कधी पुष्कळ नंतर.

बस पूर्ण भरल्याशिवाय आणि कागद जुळल्याशिवाय सुटत नाही. एकजण संडासला गेला की चाळीस जण थांबतात. बसचा नंबर लागण्याआधीच उरकून घ्या.

पासपोर्ट आमच्याकडेच राहतो का?

हजमध्ये अनेकदा तो सेवा कंपनी ताब्यात घेते आणि परतीच्या वेळी देते. घाबरायचे कारण नाही, पण रिकाम्या हाताने तो देऊ नका. पासपोर्ट आणि व्हिसाच्या दोन-दोन प्रती, एक अंगावरच्या पट्ट्यात आणि एक बॅगेत, शिवाय मोबाइलमध्ये फोटो. मक्केत मिळणारे नुसुक कार्ड (हाजीचे सौदी ओळखपत्र) आणि हज कमिटीचे स्टीलचे कडे अंगावरून काढू नका. कड्यावरची माहिती आणि कव्हर नंबर (हज कमिटीकडचा तुमच्या अर्जाचा क्रमांक) पाहूनच वाट चुकलेल्या वृद्ध माणसाला त्याच्या इमारतीपर्यंत पोहोचवता येते. कव्हर नंबर पाठ करून घ्या. आई-वडील सोबत असतील तर त्यांच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घ्या.

ते पांढऱ्या तंबूंचे छत कशासाठी आहे?

वर्षातल्या थोड्या आठवड्यांत लाखो माणसे आणि एरवी जवळजवळ सामसूम, अशा जागेला पूर्ण वातानुकूलित इमारत बांधणे परवडणारे नव्हते. म्हणून छत उभारले, भिंती नाहीत. एकूण २१० तंबू आहेत. २१ तंबूंचा एक गट, असे दहा गट, पाच एका बाजूला आणि पाच दुसऱ्या बाजूला. प्रत्येक तंबू ४५ मीटर लांब-रुंद. तो सुमारे ४५ मीटर उंचीच्या पोलादी खांबांवरून तारांनी ताणून धरलेला आहे. कापड काचतंतूंचे, वरून टेफ्लॉनचा लेप. ते उन्हाचा मोठा भाग परतवून लावते, थोडा उजेड आत सोडते, त्यामुळे दिवसा दिवे फारसे लागत नाहीत. प्रत्येक तंबूच्या टोकाला वर्तुळाकार तोंड आहे. तापलेली हवा वर चढून तिथून निघून जाते आणि बाजूंनी खालून नवी हवा आत येते.

स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या कंपनीने हे काम केले. त्यातले रचनाशास्त्रज्ञ फजलुर रहमान खान हे मूळ ढाक्याचे, शिकागोचा सिअर्स टॉवर ज्यांच्या गणितावर उभा राहिला तेच. १९८२ मध्ये जेद्दातच त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये या टर्मिनलला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. हे छत मान वर करून पाहण्यासारखे आहेच.

पण सावली म्हणजे गारवा नव्हे. हज मे-जूनमध्ये येतो तेव्हा जेद्दात पारा चाळिशीच्या आसपास आणि समुद्राचा दमटपणा वर. घाम सुकत नाही, त्यामुळे तहान लागलेली कळत नाही. तास-तासाला पाणी प्या, ओआरएसची दोन पाकिटे खिशात ठेवा, आणि चक्कर आल्यासारखे वाटले तर बसायची जागा शोधत न बसता थेट भारतीय दवाखान्यात जा.

उमऱ्याला नेहमीच्या विमानाने गेलो तर कुठे उतरू?

बहुधा टर्मिनल १ किंवा उत्तर टर्मिनल. काही उमरा विमाने हज टर्मिनललाही लागतात. टर्मिनल १ चे उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झाले. सुमारे ८ लाख १० हजार चौरस मीटरची इमारत, ४६ गेट, मधोमध मोठे मत्स्यालय आणि शेजारी १३६ मीटर उंचीचा नियंत्रण मनोरा. चालणे भरपूर आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी व्हीलचेअर तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, कंपनीकडे नोंदवावी. ही सेवा बहुतेक कंपन्यांकडे मोफत असते. ऐनवेळी मागितली तर तास-दोन तास बसून राहावे लागते.

विमानतळावरून मक्केला रेल्वेने जाता येते का?

येते, आणि उमऱ्याला स्वतंत्र जाणाऱ्यांसाठी तो उत्तम पर्याय आहे. हरमैन हायस्पीड रेल्वे २०१८ मध्ये सुरू झाली. मक्का, जेद्दा, विमानतळ, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी आणि मदिना अशी सुमारे ४५० किलोमीटरची ही मार्गिका, वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत. विमानतळाचे स्थानक टर्मिनल १ ला जोडलेले आहे. उत्तर किंवा हज टर्मिनलवर उतरलात तर आधी टर्मिनल १ गाठावे लागेल. मक्केपर्यंत पाऊण ते एक तास, मदिनेपर्यंत पावणेदोन ते दोन तास.

तीन गोष्टींनी लोकांची गाडी चुकते. पहिली, विमान उतरल्यानंतर दीड तासाची गाडी धरणे. इमिग्रेशनची गर्दी पाहता किमान तीन तासांचे अंतर ठेवा, रमजानात चार. दुसरी, सामान. साध्या वर्गात २५ किलोपर्यंतची एक मोठी बॅग आणि एक हातातली बॅग असा हिशेब आहे. चार जणांत आठ मोठ्या बॅगा घेऊन आलात तर फाटकाशीच अडवतात. तिसरी, मक्केचे स्थानक हरमच्या, म्हणजे काबा असलेल्या मोठ्या मशिदीच्या, दारात नाही, रुसैफा भागात चारेक किलोमीटरवर आहे. तिथून बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आणि जुम्याच्या (शुक्रवारच्या) आदल्या संध्याकाळी तिकिटे आधीच संपतात.

टॅक्सी घ्यावी का?

घ्यावी, पण रांगेतली परवानाधारक किंवा ॲपवरची. आगमनाच्या दाराशी ‘मक्का, मक्का’ म्हणत हातातली बॅग उचलणाऱ्याच्या मागे जाऊ नका. तो खासगी गाडीवाला असतो. मधल्या चौकीत गाडी अडली की प्रवासी एहराममध्ये रस्त्यावर. भाडे बसण्याआधी आकड्यात ठरवा, ते माणशी की गाडीचे हेही विचारा. भांडण नेहमी याच मुद्द्यावर होते.

सामानात काय चालत नाही? खाण्याच्या वस्तूंबद्दल नीट सांगा.

खसखस न्यायची नाही. हे सगळ्यात आधी, कारण आपल्या मसाल्यात ती सहज असते. ती अफूच्या बोंडांतली म्हणून सौदीत अमली पदार्थांच्या नजरेने पाहिली जाते. घरचा गोडा मसाला, अनारसे, खसखशीचे लाडू, सगळ्याची तपासणी करा. गुटखा आणि तंबाखूची पाकिटे भरू नका.

सुके खोबरे, गोटा असो की कीस, सामानातून काढा. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान कंपन्या ते नाकारतात. कोकणातून निघणाऱ्यांच्या बॅगेत ते हमखास सापडते. गॅसची शेगडी, रॉकेल, काडेपेट्या चालत नाहीत. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत दाबाने गळते आणि तेल शेजारच्याच्या बॅगेपर्यंत जाते. कोरडी चटणी न्या. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत.

झोपेच्या, चिंतेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्या सौदीत नियंत्रित आहेत. ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, कोडीनचे खोकल्याचे औषध ही नेहमीची नावे. अशी गोळी चालू असेल तर आधी परवानगीची प्रक्रिया पाहा. इतर औषधेही मूळ पाकिटात आणि इंग्रजीतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नका.

दुसऱ्याचे पाकीट घेऊ नका. ‘तिकडे माझा भाचा आहे, एवढे लोणचे द्या’ असे गावातले कोणी म्हणाले तरी नम्रपणे नाही म्हणा. अमली पदार्थांची शिक्षा तिथे देहदंडापर्यंत जाते आणि बॅग ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची.

बॅगेचा आकार-वजन काय असावे?

हज कमिटीच्या प्रवाशांना अलीकडच्या वर्षांत २० किलोच्या दोन बॅगा आणि ७ किलोची हातातली बॅग असे प्रमाण राहिले आहे. त्या वर्षीचे परिपत्रक पाहूनच भरा. उमऱ्याला तिकिटावर लिहिलेले वजन चालते, पण कोणतीही एक बॅग ३२ किलोंच्या वर जाता कामा नये.

जेद्दाचा एक खास नियम परतताना टोचतो: सुतळी-दोरीने बांधलेल्या बॅगा, चादरीत बांधलेली गाठोडी, गोल किंवा वेड्यावाकड्या आकाराचे सामान काउंटरवर घेत नाहीत. सामानाला किमान एक सपाट बाजू हवी. दोरीचे टोक सरकत्या पट्ट्याच्या रुळात अडकते आणि अख्खा पट्टा बंद पडतो, म्हणून हा नियम. खरेदी झाल्यावर ब्लँकेटची गाठोडी घेऊन आलेले लोक मग विमानतळावरच महागाची खोकी विकत घेऊन सगळे पुन्हा भरत बसतात. घरूनच एक रिकामी मऊ बॅग घडी करून न्या.

बॅगेवर नाव, कव्हर नंबर, निघण्याचे ठिकाण आणि मक्केतला इमारत क्रमांक मार्करने मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहा. एकाच कंपनीच्या शेकडो सारख्या बॅगा येतात, म्हणून हँडलला ओळखीची रंगीत चिंधी शिवून टाका. बांधली तर सुटते.

बॅग आलीच नाही तर?

कक्षाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार लिहून घ्या आणि तिची प्रत घ्या. बोर्डिंग पासला चिकटवलेली सामानाची पावती त्यासाठी लागते, ती फेकू नका. बाहेर आल्यावर पुन्हा आत जाणे अवघड असते.

जमजम (मक्केतल्या पवित्र विहिरीचे पाणी) कसे आणायचे?

हज कमिटीच्या हाजींनी विमानतळावर जमजम विकत घेण्याची घाई करू नये. प्रत्येकी ५ लिटर जमजम विमान कंपनी आधीच भारतात आणून ठेवते आणि परतल्यावर उतरण्याच्या विमानतळावर देते.

उमऱ्याला गेलेल्यांनी जेद्दा विमानतळावरच ५ लिटरची बंद खोक्यातली बाटली घ्यावी आणि ती चेक-इनच्या वेळी वेगळी द्यावी. एका पासपोर्टवर एक. ती वजनात धरतात की नाही हे कंपनीगणिक बदलते. मक्केत भरलेल्या साध्या बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकू नका. ते मना आहे. स्कॅनरवर पाणी दिसते, बॅग बाजूला काढतात, तुम्हाला बोलावून उघडायला लावतात किंवा ती मागेच राहते. विमान सुटायच्या तासभर आधी नाव पुकारले जाण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

लशी कोणत्या?

मेंदूज्वराची चार प्रकारांवरची लस सगळ्यांना लागते, पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली. प्रमाणपत्राची मुदत लशीच्या प्रकारानुसार तीन किंवा पाच वर्षे. हज कमिटीच्या शिबिरात ही लस आणि पोलिओचा डोस देतात, वृद्धांना फ्लूचीही. प्रमाणपत्र हातातल्या बॅगेत.

पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर हज करता येईल का?

नाही. कोणी एजंट ‘तिथे गेल्यावर होते सगळे’ म्हणत असेल तर पैसे देऊ नका. २०२५ च्या नियमांनुसार परवान्याविना हज करणाऱ्याला २० हजार रियालपर्यंत दंड, हद्दपारी आणि दहा वर्षे प्रवेशबंदी. उमऱ्याच्या व्हिसावर जाऊन हजपर्यंत थांबून राहणेही याच सदरात. २०२५ मध्ये उमऱ्यासाठी येण्याची शेवटची तारीख १३ एप्रिल आणि परत निघण्याची २९ एप्रिल होती. या तारखा चंद्रावर चालतात, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतात.

पैसे, फोन, प्लग?

थोडे रियाल भारतातूनच न्या, सुटे ५ आणि १० चे. ६० हजार रियालांहून जास्त किमतीची रक्कम किंवा सोने असेल तर कस्टम्सला सांगावे लागते. सिम विमानतळावर पासपोर्ट आणि ठसे देऊन मिळते. प्लग तीन चौकोनी पिनांचा, आपला बसत नाही, ॲडॅप्टर घ्या.

परतताना सोने आणण्याचा विचार असेल तर भारतीय कस्टम्सची दागिन्यांची सवलत वर्षभराहून जास्त परदेशात राहिलेल्यांसाठी आहे. महिना-दीड महिन्याच्या हाजीला ती लागू होत नाही.

परतीच्या दिवशी किती आधी निघायचे?

हजमध्ये वेळ तुमच्या हातात नसते. मोठे सामान बऱ्याचदा आदल्या दिवशीच इमारतीतून उचलतात आणि बस उड्डाणाच्या आठ-दहा तास आधी हलते. त्यामुळे औषधे, एक कपड्याचा जोड आणि चादर हातातल्या बॅगेत राहू द्या. टर्मिनलच्या आतल्या कक्षात एसीने थंडी वाजते आणि थकलेल्या अंगाला तिथेच खोकला धरतो. उमऱ्याहून परतताना मक्केतून उड्डाणाच्या सहा तास आधी निघा. जुम्याच्या दिवशी नमाजनंतर हरमभोवतीचे रस्ते दोन तास हलत नाहीत. त्या दिवशी दुपारी चार ते सातमधले उड्डाण असेल तर नमाजच्या आधीच सामान घेऊन हरमच्या परिसराबाहेर पडलेले बरे.